विळ्याचं आणि कुऱ्हाडीचं

म्हाताऱ्याने जाताना घर वाटलं, भांडी वाटली, गोठ्यात मधोमध भिंत घालून गोठा वाटला. पण घरामागचा उतार काही वाटला नाही. दोन्ही मुलांना खाटेजवळ बसवून तो म्हणाला, "उताराला भिंत घालू नका. विळ्याने कापलं जाईल ते धाकट्याचं, कुऱ्हाडीवाचून तुटणार नाही ते थोरल्याचं. जमीन दोघांची." मग पाणी मागितलं, दोन घोट प्यायला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

थोरला दांडे करायचा. कुदळीचे, फावड्याचे, कुऱ्हाडीचे. त्याला सरळ लाकूड लागायचं आणि ते उतारावर होतं. धाकट्याच्या घरी गवत. त्याची बायको कापायची, तो पेंढ्या बांधायचा, आणि गोठेवाला गाडी घेऊन दारात यायचा. अशी तीस वर्षं गेली. धाकट्याची बायको पंचावन्न वर्षांची झाली, डोक्यावर कापूस पिकला, तरी गाव तिला धाकटीच म्हणत होतं.

धाकटीला एक खोड होती. कुठलीही गोष्ट दिसली की ती अशी का, हे कळल्याशिवाय तिला घास गिळवत नसे. लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात तिने सासऱ्याचं घड्याळ उघडून पाहिलं होतं. घड्याळ बंद पडलं, पण का बंद पडलं ते मात्र ती सांगू शकली. नवरा म्हणायचा, "हिला फायदा नको असतो, उत्तर पाहिजे असतं. गाढवावर बसली तरी आधी त्याचे दात मोजेल."

सहा वर्षांपूर्वी या नवऱ्याला दमा जडला. चार पावलं चढला की छातीत भाता वाजायचा. तेव्हापासून तो अंगणात खाट टाकून बसायचा, वाखाच्या दोऱ्या वळायचा आणि समोरच्या उताराकडे बघत राहायचा.

भांडण सुरू झालं ते दोन वर्षांपूर्वी. थोरल्याकडे पाचशे दांड्यांचं काम आलं. तो कुऱ्हाड खांद्यावर टाकून सकाळी उतारावर गेला आणि संध्याकाळी त्रेचाळीस लाकडं घेऊन उतरला. घामाने भिजलेला तसाच धाकट्याच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"झाडं आहेत," तो म्हणाला, "पण सगळी माझ्या वयाची. वाकडी, गाठाळ. पोरवयाचं एक नाही. तुझ्या बायकोचा विळा माझं रान खातो."

धाकटा खोकत खोकत म्हणाला, "आणि तुझ्या झाडांची सावली माझं गवत खाते, त्याचं काय?"

एवढंच. पण त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलेना. जावा बोलत, पण भिंतीशी बोलल्यासारख्या. एक म्हणायची, "काही लोकांना पाण्याला लवकर यावं लागतं, झोप नसते." दुसरी म्हणायची, "काही लोकांना झोपच झोप असते."

पाण्याचा विषय निघायचा कारण पायथ्याशी एक झरा होता. करंगळीएवढी धार, पण उन्हाळ्यातही न आटणारी. धाकटीच्या कुंपणाकडून मोजत गेलं की दोनशे सत्तराव्या पावलावर. दोन्ही घरं तिथून पाणी नेत. हा झरा नसता तर नदीवर जायचं, म्हणजे जायला अर्धा तास, यायला अर्धा तास, आणि डोक्यावर हंडा. नवरा आता हंडा उचलू शकत नव्हता. दोन म्हशींना नदीवर नेणं आणि आणणं, त्यातच दिवस सरला असता.

शेवटी गावचा कारभारी मध्ये पडला. तो म्हणाला, "म्हाताऱ्याचा शब्द खरा, पण तुमची तोंडं त्याहून खरी. भिंत घाला. पायथा चारशे पावलं आहे. उतारावर शंभरात जितकं गवत, त्याच्या चौपट पावलं धाकट्याची. उरलेली थोरल्याची. झरा ज्याच्या वाट्यात येईल त्याचा."

"आणि शंभरात किती गवत, ते कोण सांगणार?" थोरल्याने विचारलं.

"आहे एक," कारभारी म्हणाला.

ती मोजणीवाली. तिशीतली, उन्हाने रापलेली, पायात गमबूट, खांद्याला पिशवी. रानं, कुरणं मोजत गावोगाव फिरणं हेच तिचं काम. आली ती आधी उतारावर गेलीच नाही. पिठाच्या गिरणीत जाऊन बसली, कारण दुपारी सगळं गाव तिथे दळणाला येतं. धाकटीही डबा घेऊन रांगेत होती.

"मागच्या उतारावर शंभरात किती कुऱ्हाडीचं असेल?" मोजणीवालीने मोठ्याने विचारलं. "नुसता अंदाज सांगा. चुकला तर दंड नाही."

"सत्तर," थोरला दारातूनच म्हणाला.

"मग पाचशे दांड्यांत त्रेचाळीसच का मिळाले?" गिरणीवाल्याने पट्टा चढवता चढवता टोमणा मारला. लोक हसले. थोरला कपाळाला आठ्या घालून बसला.

कुंभार म्हणाला, "पाच. फार तर सहा. भट्टीला जळण मिळत नाही अन् तुम्ही सत्तर काय सांगता!"

शेळ्यावाली म्हातारी म्हणाली, "माझी शेळी म्हणते सगळा पालाच आहे. वरचा पाला आणि खालचा पाला."

"काकू, तुम्ही?" मोजणीवालीने धाकटीकडे पाहिलं.

"दहा," धाकटी म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. डोळे मिटले की तिला गवतच दिसायचं. कुसळी, मारवेल, मधूनच केना, आंबुशी, एकदांडी. झाडं होती, पण कडेला कुठेतरी, पाहुणे उभे राहावेत तशी.

मोजणीवालीने सगळं वहीत लिहून घेतलं. धाकटीला राहवेना. ती डबा खाली ठेवून पुढे सरकली.

"बाई, एकच उतार, सगळे रोज बघतात. मग एकाला पाच अन् एकाला सत्तर कसं दिसतं?"

"सगळीकडे असंच असतं," मोजणीवाली म्हणाली. "लाकूडवाल्याला लाकूड दिसतं. ज्याला लाकूड मिळत नाही त्याला लाकूड नाही असं दिसतं. आणि तुम्ही मोजता काय, त्यावरही आहे. वजन करा म्हटलं तर एका बाभळीपुढे तुमचं सगळं गवत हलकं. जाती मोजा म्हटलं तर गोष्ट तिसरीच."

"मग आपण काय मोजायचं?"

"वाटायची जमीन आहे ना? मग जमिनीलाच विचारू. ठरावीक पावलांवर काठी टेकवायची. काठीच्या टोकाला जे लागेल, त्याची ती जागा."

घरी जाऊन धाकटीने हे नवऱ्याला सांगितलं. तो दोरी वळता वळता म्हणाला, "मला कोणी विचारलंच नाही."

"मग सांगा ना. किती?"

त्याने उताराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "चाळीसाच्या आतबाहेर."

"काहीतरीच! तुम्ही सहा वर्षांत वर पाऊल टाकलं नाही."

"म्हणूनच तर," तो म्हणाला आणि त्याला खोकला आला.

दुसऱ्या दिवशी मोजणी. पावसाळा संपत आला होता, गवत कमरेला लागत होतं, कापणीला दहा-बारा दिवस होते. मोजणीवालीने उतारावर आडव्या दहा ओळी ठरवल्या. पाच धाकटीच्या, पाच थोरलीच्या. प्रत्येक ओळीत दहा ठिकाणी काठी टेकवायची. गवत लागलं तर पांढरा खडा एका थैलीत, लाकूड लागलं तर काळा खडा दुसरीत. एकीने चालायचं, मोजणीवालीने मागून बघायचं.

"सरळ चाला हं, काकू. समोरच्या दगडावर नजर ठेवून."

"तीस वर्षं चालते आहे," धाकटी म्हणाली. "मला चालायला शिकवू नकोस, पोरी."

ती चालली. पावलं मोजली, थांबली, काठी टेकवली. कुसळी. पांढरा खडा. पुन्हा पावलं. मारवेल. पांढरा. गवताची कुसळं लुगड्यात शिरत होती, पोटऱ्यांवर ओरखडे उठत होते, घाम मानेवरून पाठीत उतरत होता. एका जागी काठी आघाड्याला लागली. धाकटीने खाली बसून त्याच्या देठात नख घातलं. नख रुतलं.

"विळ्याचं," ती म्हणाली.

"तुम्ही नखाने ओळखता?"

"नख रुतलं तर विळ्याचं. नख वाकलं तर कुऱ्हाडीचं. सासऱ्यांनी शिकवलं."

पुढे एकदा काठी तरवडाच्या बुंध्याला लागली. काळा खडा. असं करत दुपारपर्यंत तिच्या पाच ओळी झाल्या. पन्नास ठिकाणी पंचेचाळीस पांढरे, पाच काळे. शंभरातले दहा. म्हटलं होतं तेच! धाकटीने पदराने तोंड पुसलं आणि पायथ्याशी बसलेल्या दिराकडे न बघता पाहिलं.

दुपारनंतर थोरली निघाली. तिचं काम नवऱ्याने तोडलेल्या फांद्या गोळा करायचं; डोक्यावर मोळी नसली तरी ती मोळी असल्यासारखी मान ताठ ठेवून चालायची. तिची मोजणी संध्याकाळी संपली. पन्नासात चोवीस पांढरे, सव्वीस काळे.

दोन्ही थैल्या सतरंजीवर ओतल्या तशी थोरली उसळली.

"पंचेचाळीस? अगं धाकटे, लाज वाटू दे जराशी! मधे बाभळी उभ्या आहेत त्या काय तू डोळे मिटून ओलांडल्यास?"

"आणि तुमचे सव्वीस कुठून आले, जाऊबाई? काठी टेकवली की झाडाला मिठी मारली?"

"माझ्यामागे ही बाई चालत होती!"

"माझ्यामागेही हीच चालत होती!"

दोघींनी मोजणीवालीकडे पाहिलं. ती खडे हातात घोळवत होती. "दोघींनीही काठी खरी टेकवली. मी पाहिलं. जिथे टेकवली तिथे जे लागलं तेच लिहिलं." तिलाही कोडं पडलेलं दिसत होतं. "वरून खालपर्यंत गवत इतकं बदलत नाही. मला कळत नाही."

कारभाऱ्याला घरी जायची घाई होती. "त्यात काय कळायचं! दोघींचे एकत्र करा. पंचेचाळीस आणि चोवीस, एकूणसत्तर. चौपट केले की दोनशे शहात्तर पावलं. उद्या दुपारी खुंट्या ठोकू."

दोनशे शहात्तर. झरा दोनशे सत्तरवर. म्हणजे झरा धाकटीच्या बाजूला, सहा पावलं राखून. थोरला उठला, धोतर झटकलं आणि घरी गेला. त्याची पाठ वाकलेली दिसत होती, हे धाकटीच्या आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं तसा तो म्हणाला, "मिळाला ना झरा? मग आता तरी झोप."

पण तिला झोप लागेना. ती खोटं बोलली नव्हती. जाऊही खोटं बोलली नसेल. ती भांडखोर होती, पण लबाड नव्हती. मग एकाच उताराने दोघींना दोन उत्तरं कशी दिली?

सकाळी ती चहा घेऊन नवऱ्याच्या खाटेपाशी आली. एरवी चहा देऊन ती गोठ्यात जायची. आज टेकली. सूर्य उताराच्या कडेने नुकता वर येत होता, ऊन आडवं पडलं होतं, आणि सगळ्या गवतावर दव होतं. उतार पांढरा दिसत होता. त्या पांढऱ्यावर काल तुडवलेल्या वाटा काळ्या रेघांसारख्या उमटल्या होत्या.

"अहो," ती म्हणाली, "ते बघा."

"रोज बघतो. काय आहे?"

वरच्या पाच रेघा तिच्या. ती तर दगडावर नजर ठेवून सरळ चालली होती. पण रेघ सरळ नव्हती. बाभळीजवळ आली की रेघ पोट आत घेऊन बाजूने जात होती. बोरीच्या जाळीला वळसा. घाणेरीच्या बेटाला वळसा. ओढ्याचं पाणी दगडांना चुकवतं तशी ती प्रत्येक झाडाला चुकवून गेली होती, आणि तिला पत्ताही नव्हता. तीस वर्षं विळा घेऊन, अनवाणी, काट्यांच्या रानात कापणी केलेली. डोकं दगडाकडे बघत होतं आणि पाय आपल्या अकलेने चालत होते.

खालच्या पाच रेघा जाऊच्या. त्या उलट्या. या झाडाकडून त्या झाडाकडे, ओळखीच्या घरांना भेटी देत गेल्यासारख्या. मोळी बांधणारीचे पाय! जिथे वाळकी फांदी असेल तिथे आपोआप वळणारे.

"अगं बाई," धाकटी म्हणाली. आणि तिला हसूच आलं. चहा सांडेपर्यंत हसली.

"काय झालं?"

तिने सांगितलं. नवऱ्याने दोरी खाली ठेवली आणि बघितलं. मग म्हणाला, "दव आता तासाभरात जाईल. दुपारी खुंट्या ठोकणार आहेत. तू बोलली नाहीस तर कोणाला कळणार नाही."

"हो."

"झरा जाईल."

"जाईल की राहील, ते मोजल्याशिवाय कसं सांगू?"

"गाढवाचे दात," तो म्हणाला आणि पुन्हा दोरी उचलली. "जा. बोलव सगळ्यांना, ऊन चढायच्या आत."

ती थोरल्याच्या अंगणात गेली. दोन वर्षांत पहिल्यांदा. थोरला रंध्याने दांडा साफ करत होता. भुसा त्याच्या भुवयांवर बसला होता.

"दादा, आमच्या अंगणात चला. काहीतरी दाखवायचं आहे."

"तुमच्या अंगणातून जे दिसतं ते मी इथूनही बघतो."

"इथून दिसत नाही. जाऊबाई, तुम्ही तरी चला. माझी चूक दाखवते."

धाकटीची चूक म्हटल्यावर थोरली हातातलं टाकून निघाली. मागून थोरला आला. मोजणीवालीला बोलावलं, ती तोंडात दातवण तसंच धरून धावत आली. सगळे त्या एका खाटेभोवती उभे राहिले आणि उताराकडे बघू लागले.

थोरली आपल्या रेघा बघून दोन पावलं पुढे सरकली. मग म्हणाली, "मी कुठे एवढी वाकडी चालले?"

"आणि मी कुठे चालले?" धाकटी म्हणाली.

मोजणीवालीने कपाळावर हात मारला. "मी तुमच्या काठीकडे बघत होते. पायांकडे कोण बघतं!"

"मग आता चालणाऱ्याचे पाय बांधायचे का?" थोरला म्हणाला. तो कोणालाच उद्देशून बोलला नव्हता, पण उत्तर खाटेवरून आलं.

"पाय नाही. दोरी बांधायची. वरपासून खालपर्यंत एक ताणलेली दोरी. दोरीला काटा टोचत नाही आणि जळणही लागत नाही. ती जाईल तशी जाईल."

दोन वर्षांत धाकटा भावाशी बोललेलं ते पहिलं वाक्य. थोरल्याने भुवयांवरचा भुसा पुसला. "एवढी लांब दोरी आहे कोणाकडे?"

धाकटा नुसता खाटेखाली वाकला आणि वेटोळ्यामागून वेटोळं काढू लागला. सहा वर्षांच्या दोऱ्या. गाठी मारून जोडल्या तर गाव दोनदा बांधता आलं असतं.

कारभारी दुपारी खुंट्या घेऊन आला तेव्हा खुंट्या ठोकायला उतारावर कोणी तयार नव्हतं. उलट त्याच्याच हातात दोरीची गाठ दिली गेली. दहा ठिकाणी दोरी ताणायची होती, या वेळी उभी. प्रत्येक दोरीवर सारख्या अंतरावर दहा गाठी. गाठीखाली जे असेल ते. वरचं टोक थोरल्याने धरलं. खालचं टोक धरायला माणूस हवा होता, तसा धाकटा खाटेवरून उठला.

"अहो, तुम्ही नको."

"खाली उभं राहायला श्वास लागत नाही."

वरून थोरला ओरडला, "ताण!"

खालून धाकटा ओरडला, "ताणली! तू सोडतोस मधेच!"

"मी सोडतो? लहानपणापासून तूच सोडतोस!"

"डावीकडे घे! डावीकडे! तुझी डावी, माझी नाही!"

पहिल्या दोरीला असं अर्धा तास चाललं. दुसरीला कमी. सातव्या-आठव्या दोरीला ते नुसते "हं" म्हणत, आणि दोरी ताठ व्हायची.

गाठी बघायला दोघी जावा आणि मोजणीवाली. दोरी बाभळीच्या मधून गेली तर त्यांनाही मधून जावं लागे. बोरीच्या जाळीत थोरलीचा पदर अडकला, धाकटीच्या दंडाला काटा लागून रक्त आलं. उताराच्या ज्या जागी तीस वर्षांत पाय पडला नव्हता तिथे धाकटी गुडघ्यांवर रांगत शिरली. आत गारवा होता, सापाची कात होती, पक्ष्याचं रिकामं घरटं होतं, आणि दोरीची गाठ घाणेरीच्या खोडावर टेकली होती.

"इतकं आहे होय आत," ती म्हणाली. "मला वाटायचं हे नुसते कडेचे काटे."

"मला वाटायचं तुझं गवत म्हणजे मधली मोकळी जागा," थोरली मागून म्हणाली. "पाय काढ आता, माझ्या डोक्यावर आहे."

संध्याकाळी खडे मोजले. पांढरे एकसष्ट. काळे बत्तीस. सात गाठींवर मोजणीवालीने खडा टाकलाच नव्हता. तिथे नुसत्या काड्या रोवून ठेवल्या होत्या.

"त्या सातांचं काय?" कारभाऱ्याने विचारलं.

"ते मला ठरवता येईना."

सगळे पहिल्या काडीपाशी गेले. गवतात वीतभर उंचीची चार-पाच कोवळे फुटवे होते, तांबूस पानांचे. धाकटीने लगेच ओळखले. दरवर्षी कापणीत ते गवताबरोबर विळ्याखाली यायचे. तिने शेंड्याला नख लावलं. रुतलं.

"विळ्याचं," कारभारी म्हणाला. "संपलं. एकसष्ट आणि सात, अडुसष्ट. दोनशे बहात्तर पावलं. झरा धाकटीचा."

"खाली लावा नख," थोरला म्हणाला. "मुळाशी."

धाकटीने मुळाशी लावलं. नख वाकलं.

"कुऱ्हाडीचं!" थोरली म्हणाली.

"पण कापलं जातं कशाने?" कारभारी म्हणाला. "म्हाताऱ्याचा शब्द काय होता? विळ्याने कापलं जाईल ते धाकट्याचं. तीस वर्षं ही विळ्याने कापते आहे."

थोरला दोरी गुंडाळू लागला. बापाचा शब्द होता. त्यावर बोलायला जागा नव्हती.

मोजणीवाली म्हणाली, "नियमाने बघितलं तर काकूंचं. रोपाला विचारलं तर मला माहीत नाही."

धाकटी उकिडवी बसलीच होती. तिच्या कमरेला विळा होता. तिने विळ्याच्या टोकाने माती उकरायला सुरुवात केली.

"कशाला उकरतेस?" नवरा खालून ओरडला. "झालं की!"

"खाली काय आहे ते बघते."

माती ओली होती, सहज निघाली. चार बोटांवर विळ्याचं टोक कशाला तरी लागून खटकन वाजलं. तिने हाताने माती बाजूला केली. खाली गाठ होती. मनगटाएवढी जाड, काळी, गाठींवर गाठी चढलेली. वरच्या बाजूला बारीक बारीक वण, एकावर एक, जणू कोणी दर वर्षी त्याच जागी एक खूण करून ठेवली होती. ती खूण कोणी केली, हे तिला विचारावं लागलं नाही.

थोरला गुडघे टेकून बसला. त्याने गाठीवर अंगठा फिरवला, पाळण्यातल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

"मेलं नाही," तो म्हणाला.

"तीस वर्षं कापते आहे मी हे."

"आणि हे तीस वर्षं वर यायला बघतं आहे." त्याच्या आवाजात राग नव्हता. "मी म्हणत होतो पोरवयाचं एक झाड नाही. हे इथे जमिनीत बसलं आहे, तुझ्या लग्नाच्या वयाचं."

कारभारी घाई करत होता. "विळ्याने कापलं जातं का नाही, एवढं सांग धाकटे. तुझ्या तोंडून येऊ दे. मी लिहितो."

धाकटीने विळा पुसला. झरा तिथून दिसत होता. म्हशींनी तुडवलेला चिखल, दगडावर ठेवलेला तिचाच हंडा. ती उठली. गुडघे कटकन वाजले.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "हे मी नुसतं कापत होते."

आणि तिने आपल्या हाताने सात काळे खडे थैलीत टाकले.

एकसष्ट. दोनशे चव्वेचाळीस पावलं. झऱ्याच्या सव्वीस पावलं अलीकडे भिंतीची खुंटी ठोकली गेली.

खाली आली तेव्हा नवरा खाटेवर बसून छाती धरून हसत होता.

"एकोणचाळीस!" तो म्हणाला. "मी काय म्हटलं होतं? चाळीसाच्या आतबाहेर. वर न जाता सांगितलं."

"झरा गेला, आणि तुम्हाला अंदाज बरोबर आल्याचं कौतुक."

"तुला नाही?"

तिने गुडघ्यांवरची माती झटकली. "आहे," ती म्हणाली.

भिंत आठ दिवसांत उभी राहिली, छातीएवढी, दगडांची. पहिल्या दिवशी धाकटी दोन्ही म्हशी घेऊन नदीच्या वाटेला लागली. थोरल्याच्या अंगणावरून जाताना तिने मान खाली घातली होती. थोरली दारात तांदूळ निवडत होती.

"कुठे चाललीस म्हशी घेऊन?"

"काही लोकांना नदीला जावं लागतं."

"काही लोकांना डोळे नसतात," थोरली म्हणाली. "भिंत बघितलीस का नीट?"

झऱ्याच्या समोर, भिंतीत, एक खिंड सोडलेली होती. एक म्हैस जाईल एवढी, दोन नाही. खिंडीला आडवा दांडा होता, रंधा मारून गुळगुळीत केलेला. उचलून बाजूला ठेवायचा आणि जाताना परत लावायचा.

"ही कुठल्या मोजणीत बसते?" धाकटीने विचारलं.

"त्यांना विचार. मी मोजलं नाही." थोरली पुन्हा तांदळात वाकली. "आणि माझ्याआधी येऊ नकोस पाण्याला. माझी झोप जाते."

कापणी सुरू झाली. भिंतीच्या अलीकडच्या गवतात धाकटी वाकून विळा चालवत होती. मूठ, खस्स, मूठ, खस्स. दुपारच्या सुमाराला मुठीत गवताबरोबर तांबूस पानं आली. ती थांबली. पाठ सरळ केली. पलीकडून थोरल्याचा रंधा ऐकू येत होता.

वाटणीप्रमाणे ही जागा आता सगळी तिची होती. गवतही तिचं, लाकूडही तिचं. कापलं असतं तरी कोणी हिशेब विचारणार नव्हतं. तिने मूठ सैल केली, तांबूस शेंडे बोटांनी वेगळे केले आणि भोवतीचं गवत कापून पुढे गेली.

अंगणातून नवरा बघत होता. संध्याकाळी उतार कापून पिवळा झाला तेव्हा त्याला मधोमध एक हिरवा ठिपका राहिलेला दिसला आणि त्याच्या भोवती विळ्याचा वळसा.

"पुन्हा चुकलीस," तो म्हणाला. "एक झुडूप चुकवलंस."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली. "या वेळी पायांनी नाही चुकवलं. किती वर येतं, ते बघायचं आहे."